खटक्याचे पेन घडवताना: आधी रिफिल, मग किट

चार वर्षांपूर्वी माझे मामा शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांना देण्यासाठी मी एक खटक्याचे पेन घडवले होते. कराडजवळच्या आजोळच्या घराची डागडुजी चालू असताना जुन्या दाराची शिसवी चौकट निघाली होती आणि तिचा वीतभर तुकडा मी पुण्याला घेऊन आले होते. त्यातून पेनाची कांडी कातताना खोलीभर शिसवाचा गोडसर वास पसरला होता, आणि पॉलिशचा शेवटचा हात फिरल्यावर काळ्या-जांभळ्या रेघा अशा उठून आल्या की हे लाकूड इतकी वर्षे ऊन-पाऊस झेलत उभे होते यावर विश्वास बसू नये. मामांनी खटका दोनदा वाजवून पाहिला, कागदावर सही केली आणि पेन सदऱ्याच्या खिशाला लावले. आठ महिन्यांनी त्यांचा फोन आला.

“अगं, तुझ्या पेनातली रिफिल संपली. कराडात चार दुकानं पालथी घातली, पण एकही बसेना. मागायची तरी कोणती, तेवढं सांग.”

मला सांगता आले नाही. किटची रिकामी पुडी शोधून काढली, तर तिच्यावर रिफिलबद्दल एक अक्षरही नव्हते. रिफिल बाजारातल्या नेहमीच्या रिफिलीपेक्षा बारीक होती, आखूड होती, आणि ज्याच्याकडून मी ते किट मागवले होते त्याने तो प्रकार विकणेच बंद केले होते. शाई संपली आणि त्याबरोबर पेनही संपले. मामांनी काही तक्रार केली नाही. त्यांनी ते कपाटात जपून ठेवले. पण जपून ठेवलेले पेन म्हणजे न चालणारे पेन, आणि ही गोष्ट मला फार लागली. तेव्हापासून मी कामाचा क्रमच उलटा केला आहे. पेन ज्याच्यासाठी करायचे, तो माणूस काय लिहितो आणि त्याच्या गावात कोणती रिफिल मिळते, हे आधी ठरते. त्या रिफिलीला साजेसे किट त्यानंतर, आणि लाकूड सगळ्यांत शेवटी.

ज्यांनी पेनाचे किट पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लाकडी अंग सोडून पेनाचे बाकी सगळे भाग त्या पुडीत असतात: पितळेची पातळ नळी, पुढचे निमुळते टोक, क्लिप, खटक्याची यंत्रणा, स्प्रिंग आणि एक रिफिल. आपण पाऊण इंच जाडीचा आणि साधारण पाच इंच लांबीचा चौकोनी ठोकळा घ्यायचा, त्यातून नळीच्या मापाचे आरपार भोक पाडायचे, नळी चिकटवायची, ठोकळा लेथवर चढवून दोन्ही टोकांच्या बुशिंगच्या, म्हणजे जाडीचे माप दाखवणाऱ्या धातूच्या कड्यांच्या, मापापर्यंत कातायचा आणि मग धातूचे भाग दाबून किंवा आटे फिरवून बसवायचे. पुडीत आलेल्या रिफिलीकडे बहुतेक जण लक्षच देत नाहीत. ती अनेकदा पुडीतली सर्वांत स्वस्त वस्तू असते आणि तिने लिहून पाहिल्यावर ते कळतेही. पण तिचे माप ही पुढे कधीच न बदलता येणारी गोष्ट असते, म्हणून पुडी उघडल्यावर मी आधी तिचेच माप व्हर्नियरने घेते.

आपल्याकडे कोणत्याही बऱ्यापैकी स्टेशनरीच्या दुकानात ‘जॉटर रिफिल’ म्हटले की दुकानदार एक विशिष्ट प्रकारची रिफिल पुढ्यात टाकतो. अंगाने धातूची, जाडसर, पुढे खांदा घेऊन बारीक झालेली आणि मागे कंगोऱ्यांचे प्लास्टिकचे बोंड असलेली. हे नाव पार्कर कंपनीने १९५४ साली बाजारात आणलेल्या जॉटर या खटक्याच्या बॉलपेनावरून आले. त्या पेनाच्या मूळ खटक्यात एक खुबी होती. प्रत्येक दाबासरशी रिफिल स्वतःभोवती थोडी फिरत असे, त्यामुळे टोकाची एकच बाजू झिजत नसे. मागच्या बोंडावरचे कंगोरे त्यासाठी होते. आज अनेक खटक्यांत रिफिल फिरत नाही, पण बोंडाचा तो आकार मात्र टिकून आहे. लांबी सुमारे ९८ मिलिमीटर आणि जाडी ६ मिलिमीटर हे या रिफिलीचे माप आंतरराष्ट्रीय प्रमाणात ‘जी२’ या नावाने नोंदलेले आहे. सत्तर वर्षांपूर्वीच्या जॉटरमध्ये आज दुकानातून आणलेली रिफिल बसते, आणि जगभरातले कितीतरी उत्पादक हेच माप पाळतात. हाताने घडवलेले पेन लोक नातवंडांपर्यंत जपतात; अशा वस्तूच्या पोटात घालायला यापेक्षा भरवशाचे माप मला माहीत नाही.

येथे नावाचा एक घोटाळा होतो, त्यात मीही एकदा सापडले आहे. जपानच्या पायलट कंपनीच्या एका लोकप्रिय जेल पेनाचे नावही जी२ असेच आहे, पण त्याची रिफिल सुमारे ११० मिलिमीटर लांब आणि प्लास्टिकची असते, आणि तिचा जॉटरच्या मापाशी काहीही संबंध नाही. ऑनलाइन मागवताना नुसते ‘जी२’ एवढेच वाचून मागवले की हमखास दुसरीच वस्तू घरी येते. वर्णनात ‘पार्कर पद्धतीची’ असे शब्द आहेत का आणि लांबी ९८ च्या आसपास दिली आहे का, या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

बाकीचे प्रकार मी नाकारलेले नाहीत, पण त्यांची जागा मर्यादित आहे. क्रॉस पद्धतीची बारीक रिफिल मागच्या बाजूच्या आट्यांनी बसते आणि ती मुख्यतः पिळून उघडणाऱ्या पेनांसाठी आहे. लेथवर पेन शिकणारा प्रत्येक जण जे सात मिलिमीटर नळीचे सडपातळ किट पहिल्यांदा हाताळतो, त्यात हीच असते. पुण्या-मुंबईत ती मिळते, पण तालुक्याच्या गावी तिच्यासाठी वणवण करावी लागते. डी१ नावाची ६७ मिलिमीटर लांबीची आणि जेमतेम २.३५ मिलिमीटर जाडीची इवलीशी रिफिल चार रंगांच्या पेनांत आणि छोट्या पेनांत असते. तिच्यात शाई फारच थोडी मावते. आपल्या शाळकरी पेनांतल्या लांबलचक प्लास्टिकच्या रिफिली तर प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या मापाच्या असतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर किट निवडताच येत नाही.

जॉटरचे माप ठरले की शाईचा प्रश्न येतो, आणि तो मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण पेनाचे लाकूड हाताला कळते पण शाई अक्षरात दिसते. नेहमीच्या बॉलपेनाची शाई तेलाची आणि दाट असते. ती पाण्याने सहसा पसरत नाही, टोक उघडे राहिले तरी वाळत नाही आणि महिनोन्‌महिने पुरते, मात्र तिला थोडा दाब द्यावा लागतो. देवनागरी लिहिणाऱ्याला हा फरक शिरोरेषेत कळतो. अक्षरांच्या गोलाईत हाताचा दाब आपोआप पडतो, पण शब्द पुरा झाल्यावर आपण वरची रेघ हलक्या हाताने, सर्रकन ओढतो, आणि दाट शाई नेमकी तेथेच दगा देते. रेघ मध्येच फिकी होते किंवा तुटते. म्हणून कोणतीही नवी रिफिल तपासताना मी वेटोळी काढत बसत नाही. ‘महाराष्ट्र’, ‘ज्ञानेश्वर’, ‘समर्थनार्थ’ असे ऐसपैस शब्द भराभर लिहिते आणि फक्त त्यांच्या शिरोरेषा पाहते. दहा शब्दांत दोन ठिकाणी रेघ तुटली, तर ती रिफिल भेट द्यायच्या पेनात जात नाही.

या कसोटीला पातळ केलेल्या तेलशाईच्या रिफिली सर्वांत चांगल्या उतरतात. जर्मनीच्या श्मिट कंपनीची इझीफ्लो ९००० आणि युनी जेटस्ट्रीमची एसएक्सआर-६०० या दोन्ही जॉटरच्या मापात मिळतात, आणि दोन्हींत दाब न देता रेघ अखंड उमटते. मध्यम टोकाची इझीफ्लो गडद आणि भरघोस लिहिते, त्यामुळे सह्या करणाऱ्यांना ती आवडते. बारीक, दाटीवाटीच्या अक्षराला जेटस्ट्रीमचे ०.७ टोक मला अधिक शोभून दिसते. जेलची रिफिलही याच मापात येते आणि तिचा काळा रंग खरोखर देखणा असतो, पण पहिल्या हौसेत मी ती बऱ्याच पेनांत घातली आणि नंतर थांबले. या आटोपशीर आकारात जेलची शाई बेताचीच मावते आणि रोज लिहिणाऱ्याची ती पाहता पाहता संपते. शिवाय खटक्याच्या पेनाला टोपण नसते. टोक आत घ्यायचे विसरून पेन खिशाला लावले, तर जेलची शाई कापडाने टिपली जाते आणि खिशाच्या तळाशी रुपयाएवढा डाग पडतो.

एक वेगळा प्रकार मी एकदाच वापरला. फिशर कंपनीच्या रिफिलीत शाईच्या मागे दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळे ती उलटी धरूनही लिहिते. १९६८ साली अपोलो ७ यानातून हीच पेने अवकाशात गेली. सोबत मिळणारा प्लास्टिकचा छोटा तुकडा मागे लावला की ती जॉटरच्या जागेत बसते. बांधकामाच्या साइटवर भिंतीला कागद टेकवून मोजमापे लिहिणाऱ्या एका इंजिनिअर मैत्रिणीच्या पेनात मी ती घातली आणि तेथे ती अगदी योग्य ठरली. घरच्या टेबलाशी बसून लिहिणाऱ्याला तिच्यावर जास्तीचे पैसे घालवण्याची गरज नाही.

आता किट. खटक्याच्या किटमध्ये सर्वांत आधी खटकाच पाहावा. त्याची रचना साधी आणि सुंदर असते. बाहेरच्या कवचात आतून उभ्या खाचा असतात, वरच्या दट्ट्याला खाली दाते असतात आणि त्याच्याखाली तिरक्या दातांची एक फिरकी असते. दट्टा दाबला की फिरकी खाचेबाहेर ढकलली जाते, तिरक्या दातांमुळे किंचित फिरते, आणि बोट उचलताच रिफिलीभोवतीची स्प्रिंग तिला पुन्हा मागे रेटते. एका वेळी ती उथळ खाचेवर अडते, तेव्हा टोक बाहेर राहते; पुढच्या वेळी खोल खाचेत शिरते, तेव्हा टोक आत जाते. एवढे सगळे काम दोन मिलिमीटरच्या दातांवर चालते, म्हणून ते दात कशाचे आणि किती नेटके केलेले आहेत यावर पेनाचे आयुष्य ठरते. पेन जोडण्याआधी मी खटका सुटा हातात घेऊन पन्नास वेळा दाबते. तो एकदाही अडकला, बाजूला डुगडुगला किंवा त्याचा आवाज मध्येच बदलला, तर ते किट बाजूला राहते. प्लास्टिकचा खटका वाईटच असतो असे मात्र नाही. श्मिटचा एसकेएम ८८ हा खटका स्वतः अख्खे पेन घडवणारे कारागीर आवर्जून वापरतात, आणि तो पितळेच्या अनेक ओबडधोबड खटक्यांपेक्षा मऊ चालतो.

दुसरी पाहण्याची जागा म्हणजे पुढच्या टोकाचे आटे. रिफिल बदलताना दर वेळी तेथूनच पेन उघडणार, त्यामुळे आटे धातूचे हवेत आणि किमान तीन-चार पूर्ण फेरे बसणारे हवेत. टोकाचे भोकही पाहावे. रिफिलीच्या टोकापेक्षा ते फार सैल असेल तर लिहिताना टिकटिक ऐकू येते, आणि एकदा कानाला जाणवलेली ती टिकटिक मग लिहिणाऱ्याला स्वस्थ बसू देत नाही. स्प्रिंग रिफिलीच्या खांद्यावर नीट टेकते का, हे आपण घालणार असलेल्या रिफिलीवरच तपासावे; काही प्लास्टिकच्या अंगाच्या रिफिलींना तो खांदा इतका निसरडा असतो की स्प्रिंग वर सरकते आणि खटका मधेच रुसतो.

मुलाम्याबद्दल माझे मत ठाम आहे. आपल्या घामट हवेत, आणि कोकणात तर खाऱ्या वाऱ्यात, सोन्याचा पातळ मुलामा बोटे लागतात तेथून वर्षभरात उडतो आणि खालचे पितळ उघडे पडते. क्रोम टिकते. सोनेरी रंगच हवा असेल तर टायटेनियम नायट्राइडचा मुलामा घ्यावा, तो कठीण असतो. क्लिपवर खडे, मागे बंदुकीची गोळी, असल्या सजावटीची किटे मी घेत नाही. शिसवाच्या बारीक कांडीवर ती बसवली की नाकापेक्षा मोती जड होतो.

सियेरा नावाचे एकाच नळीचे किट बऱ्याच वर्षांपासून मिळते, त्यात खटक्याचाही प्रकार आहे आणि त्यात जॉटरचीच रिफिल बसते, म्हणून मी सध्या ते अधिक वापरते. त्याची अडचण ड्रिलची आहे. अमेरिकी मापात त्याला २७/६४ इंची ड्रिल लागतो, म्हणजे जवळजवळ १०.७ मिलिमीटर. बोहरी आळीत मी तो मागितला तेव्हा दुकानदार म्हणाले, “ताई, साडेदहा न्या नाहीतर अकरा न्या, लाकडाला काय फरक पडतो?” फरक पडतो. साडेदहाच्या भोकात नळी अडून बसते आणि जोर लावला तर ठोकळा उभा चिरतो. अकराच्या भोकात नळी सैल राहते, चिकटा एका बाजूला जमतो आणि कातताना पातळ झालेले लाकूड नेमके त्या पोकळीवर फुटते. तिसऱ्या दुकानात १०.७ चा ड्रिल मिळाला आणि तो मी आता दुसऱ्या कशालाही वापरत नाही.

या सगळ्याच्या पुढची एक चूक मात्र किट कितीही चांगले असले तरी होते, कारण ती आपल्या हातून होते. नळी चिकटवल्यावर ठोकळ्याची दोन्ही टोके नळीशी काटकोनात सपाट करावी लागतात. त्यासाठीचा कातरा पितळाला टेकला की चकाकणारी एक बारीक कडी दिसते, आणि तेथे हात थांबायला हवा. एका आंब्याच्या ठोकळ्यावर कोपऱ्यातला टवका घालवण्याच्या नादात मी थांबले नाही आणि नळी मिलिमीटरभर आखूड झाली. पेन जोडून झाले, खटका छान वाजला, पण टोक आत गेलेच नाही. भोकाबाहेर त्याचा ठिपका चमकत राहिला. एकाच नळीच्या पेनात खटक्याच्या तळापासून पुढच्या भोकापर्यंतचे अंतर त्या नळीवरच ठरते, आणि तेथे गेलेला मिलिमीटर आपोआप भरून निघत नाही. रिफिलीच्या मागच्या बोंडाचा तेवढा भाग कापून टाकणे हा उपाय सर्रास सांगितला जातो. मला तो मान्य नाही, कारण पुढची रिफिल घालणाऱ्याला ती कापायची असते हे कोण सांगणार? त्यापेक्षा पुढच्या टोकाखाली पितळेची बारीक चकती कातून घालावी, म्हणजे अंतर कायमचे भरून निघते. उलट नळी थोडी लांब राहिली आणि टोक पुरेसे बाहेर येत नसेल, तर खटक्याच्या तळाशी प्लास्टिकची चकती चिकटवून भागते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या जॉटर रिफिलींच्या लांबीतही अर्धा-पाऊण मिलिमीटर फरक आढळतो, म्हणून मी पेन बंद करण्यापूर्वी तीन निरनिराळ्या रिफिली घालून टोक आत-बाहेर होते का ते पाहते. त्या तिघींपैकी एक मुद्दाम कोपऱ्यावरच्या दुकानातली, वीस-पंचवीस रुपयांची असते, कारण शेवटी माणूस तीच आणणार.

लाकडाबद्दल लिहायला बसले तर तो वेगळाच विषय होईल. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये सागाचे आणि शिसवाचे तुकडे मिळतात, फणस आणि चिंच मी गावाकडून आणते, आणि कोणताही ठोकळा एक पावसाळा घरात काढल्याशिवाय लेथवर चढवत नाही.

आता प्रत्येक पेनाच्या डबीत मी दोन जादा रिफिली आणि एक चिठ्ठी ठेवते. चिठ्ठीवर पेन कसे उघडायचे, स्प्रिंग टाकून द्यायची नाही, आणि दुकानात ‘धातूची जॉटर रिफिल’ मागायची, एवढेच लिहिलेले असते. मामांना त्याच चौकटीच्या उरलेल्या तुकड्यातून सियेरा किटवर दुसरे पेन करून दिले. त्याची रिफिल त्यांनी कराडच्या बसस्थानकासमोरून दोनदा बदलली आहे.

पहिले पेन मी दिवाळीत त्यांच्याकडून मागून आणले. त्याच्या नळीत जॉटरची रिफिल शिरणे शक्यच नव्हते, पण डी१ इतकी बारीक असते की ती कोणत्याही नळीत फिरेल. संपलेल्या मूळ रिफिलीचे टोक काढले, रॉकेलच्या बोळ्याने आतली शाई पुसली, तिचा मागचा भाग खटक्यात होता तसाच ठेवला आणि पुढे त्या पोकळ नळीत डी१ घट्ट बसेल असा पितळेचा छोटा तुकडा कातला. पहिले दोन तुकडे सैल झाले आणि रिफिल लिहिताना मागे सरकत राहिली. तिसऱ्याच्या आतले भोक मुद्दाम किंचित लहान ठेवून सुईच्या कानशीने हळूहळू वाढवले, तेव्हा ती बसली. स्प्रिंगसाठी त्याच तुकड्याला एक खांदा ठेवला आहे. गेले तीन आठवडे घरातला जमाखर्च मी त्याच पेनाने लिहिते आहे आणि टोक अजून जागचे हललेले नाही. आणखी महिनाभर वापरून पाहीन आणि मग ते मामांना परत देईन.